ओट्यावर पडणारी आपलीच सावली: किचनच्या लाईटचं प्लॅनिंग करताना

आमच्या जुन्या किचनमध्ये छताच्या बरोबर मधोमध एकच लाईट होता आणि बाबा भाजी चिरायला नेहमी ओट्याच्या पार डाव्या टोकाला जाऊन उभे राहायचे. मधे एवढी मोकळी जागा असताना तिकडे कशाला जातात ते मला कळायचं नाही, सवय असेल म्हणून मी कधी विचारलंही नाही. मग एका संध्याकाळी त्यांच्या बोटाला सुरी लागली, फार नाही, पण त्या आठवड्यातली दुसरी वेळ होती. पट्टी बांधून झाल्यावर उरलेली भाजी मी चिरायला घेतली, ओट्याच्या मधे उभी राहून, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. चॉपिंग बोर्डवर माझ्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली पसरली होती, बोट कुठे संपतं आणि पातं कुठे सुरू होतं ते अंदाजानेच. डावीकडे सरकलं की छतावरचा लाईट खांद्यावरून तिरका यायचा आणि सावली बोर्डवरून बाजूला जायची. बाबांनी ती जागा शोधून ठेवली होती, कुणाला काही न बोलता, आणि किती वर्षं ते माहीत नाही.

किचन नवीन करायचं तसंही चाललंच होतं. टाइल्स, ट्रॉल्या, ओट्याचा दगड, सिंक किती खोल यावर आम्ही दोन महिने बोलत होतो आणि लाईटबद्दल एकदाही नाही, कारण लाईट म्हटलं की सगळं झाल्यावर जायचं आणि चार बरे दिसणारे घेऊन यायचे एवढंच डोक्यात असतं. पण वायरी जातात प्लास्टर आणि टाइल्सच्या आधी, म्हणजे कुठला लाईट कुठे हे खरं तर अगदी सुरुवातीला ठरवावं लागतं, आणि ते मला तेव्हा कळलं जेव्हा इलेक्ट्रिशियन भिंतीवर खडूने खुणा करायला आला आणि म्हणाला, "ताई, पॉइंट कुठे कुठे काढायचे तेवढं सांगा, उद्या भिंत फोडतो." मी त्याला चार दिवस थांबायला सांगितलं. ते चार दिवस मी अक्षरशः फक्त उजेड कुठून कुठे पडतो हेच बघत होते.

ड्रॉइंगमध्ये छतावर सहा डाउनलाईट, म्हणजे छतातून सरळ खाली उजेड टाकणारे छोटे लाईट, काढलेले होते, तीन-तीनच्या दोन रांगा, सगळ्यांमधलं अंतर सारखं, कागदावर फारच छान दिसत होतं. मी त्याच कागदावर पेन्सिलने ओटा काढला. ओटा ६० सेंमी खोल, त्याच्यासमोर माणूस उभा राहिला की त्याचं डोकं भिंतीपासून साधारण ६० ते ७० सेंमीवर येतं, आणि ड्रॉइंगमधली पहिली रांग होती भिंतीपासून ९० सेंमीवर. म्हणजे सहाच्या सहा लाईट आपल्या पाठीमागे! एका लाईटची एक गडद सावली जाऊन त्याजागी तीन-चार फिकट सावल्या एकमेकींवर चढलेल्या, एवढाच काय तो फरक झाला असता. किचनमध्ये आपण दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभे असतो, हॉलमध्ये असं नसतं, त्यामुळे हॉलचं छत जसं मापून समान भागांत वाटतो तसं किचनचं वाटून चालतच नाही. उजेड काम करणाऱ्याच्या समोरून किंवा वरून यायला पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

मग मी पहिली रांग पुढे सरकवून भिंतीपासून ६० सेंमीवर आणायला सांगितली, म्हणजे साधारण ओट्याच्या कडेच्या वर. अजून पुढेही घेता आली असती पण वरची कपाटं ३५ सेंमी खोल आहेत, लाईट त्यांच्या फार जवळ गेला की दारांवर वरून कमानीसारखे डाग पडतात आणि ओट्यावर कपाटाची सावली येते ती वेगळीच. दुसरी रांग कमी करून दोनच लाईट ठेवले, चालण्यापुरत्या उजेडाला ते भरपूर होतात.

डाउनलाईट घेताना बीम अँगल, म्हणजे उजेड किती कोनात पसरतो तो आकडा, बघायचा असतो हेही मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ३६ अंशांचा लाईट दीड मीटर खाली साधारण १ मीटर रुंदीचं वर्तुळ टाकतो, ६० अंशांचा जवळपास पावणेदोन मीटरचं. अरुंद घेतले तर ओट्यावर उजेडाचे गोल आणि मधे अंधाराचे पट्टे, म्हणून मी ६० वाले घेतले. एखादं चित्र किंवा शोभेची वस्तू उठून दिसायला पाहिजे तिथे अरुंद बीम चांगला, ओट्यावर नको.

तरीही खरं काम कपाटाखालच्या पट्टीचंच, म्हणजे एलईडी स्ट्रिपचं. कारण ती आपल्या डोक्याच्या पुढे असते, तिच्या उजेडात ओट्यावर आपली सावली पडूच शकत नाही, आणि ती ओट्यापासून जेमतेम ६० सेंमीवर असल्यामुळे थोड्याशा ल्युमेनमध्ये भरपूर उजेड देते. वॉट म्हणजे वीज किती खाते, ल्युमेन म्हणजे एकूण उजेड किती सोडते, आणि लक्स म्हणजे त्यातला प्रत्यक्ष ओट्यावर किती पोचतो, दर चौरस मीटरला किती ल्युमेन ते. आपल्याला हवा असतो लक्स आणि पॅकवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो वॉट, त्यामुळे सगळा गोंधळ होतो. कामाच्या ओट्यावर ३०० ते ५०० लक्स असावा असं साधारण धरतात. मी फोनवर लक्स मोजायचं ॲप घेतलं, फोनच्या सेन्सरवर पूर्ण भरवसा ठेवू नका पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला ते पुरतं, आणि जुन्या ओट्यावर बाजूला उभं राहून मोजलं तर १३० आला, आणि नेहमीसारखं ओट्याला टेकून उभं राहिलं की ४५. बाबा ४५ लक्समध्ये सुरी चालवत होते.

आणि बाबांचं वय ६७. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं म्हणून. म्हणजे मला जे अंधुक वाटलं ते त्यांना किती अंधुक वाटत असेल. त्यांनी तक्रार केली नाही म्हणून आपण समजतो की दिसतंय. घरात वयस्कर माणूस स्वयंपाक करत असेल तर लाईट ठरवताना त्यांनाच ओट्यासमोर उभं करा, आपल्या डोळ्यांवर जाऊ नका.

स्ट्रिप कपाटाखाली नक्की कुठे लावायची यावर मला तीन जणांनी तीन उत्तरं दिली. सुतार म्हणाला मागे भिंतीला चिकटून, दिसणार नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला मधे. मी अर्धा मीटर स्ट्रिप आणि एक ॲडाप्टर आणला आणि कागदी टेपने कपाटाखाली तीन जागी चिकटवून बघितली, जुनी कपाटं अजून काढलेली नव्हती ते बरं झालं. मागे लावली की टाइल्स झगझगीत उजळतात आणि ओट्याचा पुढचा भाग, जिथे बोर्ड असतो, तो मंदच राहतो, शिवाय प्रत्येक वस्तूची सावली आपल्याकडे येते. मी एक वाटी ठेवून बघितली, वाटीच्या अलीकडे लांब काळी सावली, तिथेच तर आपले हात असतात. मधे बरं होतं. पुढच्या कडेला लावली तेव्हा मात्र वाटीची सावली मागे भिंतीकडे गेली आणि बोर्ड पूर्ण मोकळा झाला, सुरीच्या पात्याची बारीक सावलीसुद्धा पात्याखालीच राहत होती. ते बघून मी बाबांना हाक मारली. त्यांनी सुरी हातात घेतली, दोन-चार वेळा बोर्डवर नुसती चालवून बघितली आणि म्हणाले, "हे असं असतं होय." एवढंच बोलले पण माझा तिथेच निर्णय झाला.

पुढच्या कडेला लावायची एक अडचण आहे आणि ती उभं राहून कळतच नाही. खुर्चीवर बसल्यावर डोळे खाली येतात आणि कपाटाखालची स्ट्रिप थेट डोळ्यात घुसते. आमचं जेवणाचं टेबल त्याच खोलीत आहे, मी टेपने लावलेली स्ट्रिप चालू ठेवून टेबलाशी जाऊन बसले तर समोर बघवेना, आणि बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यांना तर असा उजेड जास्तच त्रास देतो कारण मोतीबिंदूत उजेड डोळ्यात विखुरतो. म्हणून सुताराला कपाटाच्या तळाला पुढून ४ सेंमीची एक कड सोडायला लावली, स्ट्रिप त्या कडेच्या आत दडते, आणि प्रोफाइलही, म्हणजे स्ट्रिप बसवायची पन्हळ, ४५ अंशात वळवलेलं घेतलं ज्याचं तोंड भिंतीकडे असतं. त्यामुळे ओटा आणि टाइल्स दोन्ही उजळतात आणि टेबलावरून फक्त उजेड दिसतो, स्ट्रिप दिसत नाही. मापं द्यायच्या आधी सगळ्यात बुटक्या खुर्चीवर बसून बघा, कड किती हवी ते तिथूनच कळतं.

ओट्याच्या दगडाचाही विचार लागतो, जो मी केला नव्हता. आमचा दगड गडद आणि पॉलिश केलेला, म्हणजे आरसाच. साध्या स्ट्रिपचे एलईडी त्यात एकेक ठिपक्यासारखे दिसतात, चॉपिंग बोर्डच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची माळ. त्यावर उपाय म्हणजे सीओबी प्रकारची स्ट्रिप, त्यात ठिपके इतके जवळ असतात की एक सलग रेघ दिसते, आणि वरून दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम प्रोफाइल. ते प्रोफाइल नुसतं दिसण्यासाठी नाही, स्ट्रिपची उष्णता तेच ओढून घेतं. एलईडी उष्णतेने लवकर मंद होतात, आणि एलईडीचं जे आयुष्य सांगतात, २५,००० किंवा ५०,००० तास, ते बहुतेक वेळा त्याचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचं असतं, बंद पडेपर्यंतचं नव्हे. स्ट्रिप नुसती लाकडाला चिकटवली तर तिला उष्णता सोडायला जागाच मिळत नाही, वर काही महिन्यांत गोंद सुटून लोंबायला लागू शकते ते वेगळं. दुधी झाकणाने थोडा उजेड कमी होतो ते धरूनच स्ट्रिप निवडायची. गडद दगड आणि गडद कपाटंही उजेड गिळतात, तेव्हा कुणाचं फिकट किचन बघून तेवढेच लाईट आपल्याकडे लावले तर पुरणार नाहीत.

आता रंग. मला वाटायचं पांढरा उजेड म्हणजे स्वच्छ दिसणार. ६५०० केल्विनचा थंड पांढरा, ४००० चा मधला आणि २७०० चा पिवळसर असे तीन बल्ब आणले आणि एकेका खाली टोमॅटो ठेवून बघितले, एक पिकलेला एक अर्धवट. ६५०० च्या स्वस्तातल्या बल्बखाली दोघांत फरकच कळेना, दोन्ही विटकरी, मेलेले दिसत होते. दोष केल्विनचा नव्हता हे नंतर वाचून समजलं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावर फॉस्फरचा पिवळा थर देऊन तो पांढरा दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतकं ते अवघड काम होतं. पण थर साधा असेल तर त्या उजेडात गडद लाल फार कमी असतो, आणि जे उजेडातच नाही ते वस्तूवरून परत तरी कुठून येणार. रंग किती खरे दिसतात ते सीआरआय या आकड्यावरून कळतं, १०० पैकी. ८० चे लाईट सर्रास मिळतात, किचनसाठी ९० च्या वरचेच घ्या. आणि त्यातही एक गोम आहे, सीआरआय आठ फिकट रंगांची सरासरी असते आणि गडद लाल त्यात धरलेलाच नाही, तो आर९ नावाने वेगळा लिहितात, तर तोही विचारा. शिजवताना रंग बघूनच तर आपण ठरवतो ना, ताजं आहे का, शिजलं का, करपायला लागलं का.

मी शेवटी ओट्यासाठी ४००० घेतला आणि टेबलावरच्या लटकत्या लाईटसाठी ३०००, दोन्ही सीआरआय ९० च्या वर. लटकता लाईट टेबलापासून ७५ ते ९० सेंमीवर ठेवतात, आमचा ८० वर आहे, त्यात फार डोकं लावावं लागलं नाही.

स्ट्रिप १२ व्होल्ट आणि २४ व्होल्ट अशा दोन मिळतात आणि मला आधी १२ ची देत होते. आमचा ओटा २.४ मीटर, मीटरला १० वॉट म्हणजे २४ वॉट. तेवढ्याच वॉटला १२ व्होल्टवर २ अँपिअर लागतात, २४ वर १ अँपिअर. करंट जास्त तेवढा वाटेत व्होल्टेज जास्त गळतो आणि स्ट्रिपचं लांबचं टोक मंद पडतं. २४ व्होल्ट घेतली तर हा त्रास बराच कमी. ड्रायव्हर म्हणजे वीज उतरवणारा डबा, तो पूर्ण भरून चालवायचा नसतो, साधारण ८० टक्क्यांपर्यंतच लोड ठेवायचा, म्हणून २४ वॉटला किमान ३० वॉटचा लागतो, मी ४० चा बसवला.

आणि इथे आमची एक चूक झालीच. ड्रायव्हर सुताराने कपाटाच्या मागच्या पोकळीत ठेवला आणि वरून प्लाय ठोकून टाकला, मी त्या दिवशी घरी नव्हते. आठ दिवसांत लाईट लुकलुकायला लागला. ड्रायव्हरच खराब निघाला होता आणि तो बदलायला नवीनकोरं कपाट उचकटावं लागलं, पॉलिशला ओरखडे आले ते अजून आहेत. स्ट्रिप वर्षानुवर्षं चालते, आधी जातो तो ड्रायव्हर, त्यामुळे तो हात पोचेल अशा जागी, थोडी हवा लागेल असा ठेवायलाच पाहिजे. आता तो वरच्या कपाटाच्या माथ्यावर आहे, स्टूलवर चढलं की दोन स्क्रूत निघतो. नवीन घेताना लुकलुकणं तपासायला मी फोनचा स्लो मोशन कॅमेरा वापरला, खराब ड्रायव्हरवर पडद्यावर उजेड धडधडताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसतात, चांगल्यावर उजेड शांत राहतो. मेनची वीज ५० हर्ट्झ असेल तर खराब ड्रायव्हरवर उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला तो दिसत नाही पण काही लोकांचं डोकं दुखतं, बाबांचं दुखायचं.

डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण, लावायचा असेल तर ड्रायव्हर डिम होणारा आहे का आणि त्याच प्रकारच्या डिमरशी जुळतो का हे आधी विचारा, जुन्या बल्बसाठीचा डिमर एलईडीला लावला की गुणगुणतो नाहीतर खालच्या टोकाला लाईट थरथरतो. सिंकच्या वरचा लाईट आयपी ६५ चा घेतलाय, पहिला आकडा धुळीपासून बचावाचा आणि दुसरा पाण्यापासून.

स्विच मात्र मी हट्टाने वेगळे करून घेतले. ओट्याची स्ट्रिप एक, छताचे डाउनलाईट दुसरा, टेबल तिसरा, आणि ट्रॉल्यांच्या तळाशी पायापाशी एक अगदी मंद पट्टी, तिला माणूस आला की लागणारा सेन्सर. इलेक्ट्रिशियन म्हणाला "एवढे कशाला ताई, दोन बोर्डात होऊन जाईल," पण रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या डोळ्यात पाच डाउनलाईट कशाला मारायचे. ओट्याचा स्विच दारातून आत शिरताना हाताला लागेल असा आहे, तोच सगळ्यात जास्त वापरला जातो, दिवसासुद्धा.

सगळं लागल्यावर मी पुन्हा मोजलं, ओट्याला टेकून, नेहमीसारखं उभं राहून. ४६० लक्स. बाबा आता ओट्याच्या मधे उभे राहतात, शेगडी आणि सिंकच्या बरोबर मधे, जिथे खरं तर आधीपासून उभं राहायला पाहिजे होतं. परवा मी बघितलं तर बोर्ड सरळ होता, तिरका केलेला नव्हता, आणि ते बोलत बोलत चिरत होते, मान वाकवून जवळ न जाता.

सिंकच्या पलीकडचा कोपरा अजून अंधारा आहे, तिथलं कपाट नंतर बसणार आहे. तिथवर वायर मी आधीच ओढून ठेवलीय आणि त्याच रिळातली अर्धा मीटर स्ट्रिप जपून ठेवलीय, कारण ४००० केल्विन लिहिलेल्या दोन वेगवेगळ्या बॅचच्या स्ट्रिप शेजारी लावल्या की एक गुलाबीसर आणि एक हिरवट दिसू शकते, नंतर आणून जुळेलच असं नाही. ती फ्रिजवरच्या डब्यात आहे, वर चिठ्ठी लावलीय, "फेकू नका, कोपऱ्यासाठी".